यंदा वारा आलाच नाही

५ एप्रिल

चिमे,

तुझं पत्र मिळालं. फोन का उचलत नाहीस म्हणून रागावू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी चुकीचं ऐकते. पत्राला चष्मा लावला की पुरतं.

यंदा मी तुझ्याकडे यायची नाही. हे होते तेव्हा गोष्ट वेगळी होती. एप्रिल संपत आला की हे स्वतः माझी पिशवी भरायचे, तुझ्या दारात आणून सोडायचे आणि वर म्हणायचे, "आठ-दहा दिवस बहिणीकडे राहा, जरा हाडं मोकळी कर." मी कितीही कुरकुर केली तरी ऐकायचे नाहीत. आता पिशवी कोण भरणार? ह्यांना जाऊन तीन महिने होत आले, अजून त्यांची टोपी खुंटीवरून काढवत नाही मला.

दीर मागच्या आठवड्यात येऊन गेले. बाग दोघा भावांची, तेव्हा त्यांनी बोलायचं नाही असं थोडंच आहे? पण तोच धोशा, प्लमची एवढी झाडं, तुम्ही एकट्या, कसं जमायचं. शेवटी मी म्हटलं, एक हंगाम द्या मला. नीट पार पाडला तर बाग माझ्याकडे राहील. नाही जमलं तर तुम्ही घ्या, मी निमूटपणे चिमीकडे जाईन. ते "बरं" म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले की मलाच कसंसं झालं.

फुलोरा दृष्ट लागण्यासारखा होता. एक मागल्या दाराचं झाड तेवढं घाई करून आधी फुललं आणि गारठ्यात सगळी फुलं जळली त्याची. ते यंदा मोकळंच राहणार. बाकी झाडांना झुबकेच झुबके लागलेत, फळं वाटाण्याएवढी. पण आपल्या बागेची खोड तुला माहीत आहे. मी तुझ्याकडे आले की नेमका इथे वारा सुटायचा, आणि परत येऊन बघावं तर निम्मी फळं गेलेली. हे म्हणायचे, "वाऱ्याने पाडली, काय करणार!" एका परीने बरंच. मला बघावं लागायचं नाही. बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं त्या वर्षी ह्यांना हिरवी फळं तोडताना पाहिलं आणि मी टोपली हिसकावून घेतली होती, आठवतं ना? किती आरडाओरडा केला होता मी. दोन दिवस अन्नाला शिवले नव्हते. त्यानंतर ह्यांनी हिरव्या फळाला कधी हात लावला नाही.

यंदा मी इथेच ठाण मांडून बसणार आहे. बघते वारा काय करतो ते.

तुझी
ताई

१६ एप्रिल

ताई,

हट्टी ती हट्टीच! लहानपणी गाडीत खिडकीची जागा मिळाली नाही की तू सगळा रस्ता उभी राहायचीस, तशीच आहेस अजून.

मी तुझ्यासाठी पुढची खोली रिकामी करून ठेवली आहे. कापडाचे गठ्ठे खाली दुकानात नेले, माझं जुनं शिवणयंत्र कोपऱ्यात सारलं. खिडकीतून रस्ता दिसतो, समोर केस कापायचं दुकान आहे, दिवसभर फुकट करमणूक. जिना तेवढा उभा आहे आणि त्याला कठडा नाही. पण तू येणार म्हटलंस तर दुसऱ्या दिवशी सुतार बोलावते. माझ्या एकटीसाठी कोण तो खटाटोप करणार?

हंगाम कशाला अंगावर घेतेस गं? कुणाला काय सिद्ध करून दाखवायचंय? दाजी होते तेव्हा होते. आणि समजा, वारा नाही आला तर? त्याचा काही विचार केलायस? कुणा माहितगार माणसाला बोलावून बाग दाखव. पण दिरांना नको, दुसऱ्या कुणाला. मला त्यातलं काय कळतंय म्हणा.

खरं सांगू? मला एकटीने जेवायचा कंटाळा आलाय. ताट घेऊन बसते आणि दोन घासांत पोट भरतं. तू आलीस तर निदान भांडायला कुणी असेल.

चिमी

२४ मे

चिमे,

काय सांगू तुला! वारा आलाच नाही. अगदी झुळूक म्हणावी तेवढा आला आणि गेला. पन्नासात एखादं फळ पडलं असेल नसेल. फांद्या दिसतच नाहीत, माळेत मणी ओवावेत तशी फळाला फळ चिकटून आहेत. सकाळी बागेत गेले की मला भरूनच येतं. वाटतं, जाता जाता सगळं मला देऊन गेले हे. हसू नकोस. पोस्टमनसुद्धा सायकल टेकवून बघत उभा राहिला, म्हणाला, बाई, अशी लागलेली कधी बघितली नाहीत. माहितगार माणूस कशाला हवाय मला? झाडंच सांगतायत.

दीर येऊन गेले. एक फांदी त्यांनी हाताने उचलून बघितली, तिचं वजन घेतल्यासारखं, आणि हळूच सोडली. मी म्हटलं, "काय, जमतंय ना वहिनीला?" ते नुसते हसले. म्हणाले, "भरपूर आलंय, वहिनी."

एक विचारू? मला तुझ्याकडे सोडायला यायचे तेव्हा हे आणि तू जिन्याखाली उभे राहून काहीतरी कुजबुजायचात. ऐकू येत नाही म्हणजे दिसत नाही असं नाही. बागेबद्दल काही बोलायचे का? एवढ्या फळांचं पुढे काय करायचं असतं, काही खत, काही औषध, काही युक्ती? ह्यांनी मला बागेतलं फक्त पिकल्यानंतरचं काम शिकवलं, त्याआधीचं काहीच नाही. तुला जे काही ठाऊक असेल ते लिही. माझी सगळी भिस्त या एका हंगामावर आहे. हे घर, ही बाग सुटली तर मी कोण गं? कुणाच्या तरी पुढच्या खोलीत बसलेली म्हातारी.

पण तुझी खोली चांगलीच असेल, त्याबद्दल नाही म्हणत मी.

ताई

८ जून

ताई,

उत्तराला उशीर झाला. शाळा उघडायच्या आत गणवेश द्यायचे आहेत, मान वर करायला फुरसत नाही.

दाजी कुजबुजायचे ते तुझ्या बीपीच्या गोळ्यांबद्दल. चुकवते, लक्ष ठेवा म्हणायचे. दुसरं काय असणार? मी शिवणकाम करणारी बाई, झाडांचं मला काय कळतं? फांद्यांना टेकू दे, एवढंच सुचतं. बाकी झाडाला पेलायचं ते पेलेल.

खोलीला रंग देऊन घेतेय. फिका निळा. तुला आवडतो म्हणून.

चिमी

१९ जुलै

चिमे,

बुडाले गं मी. प्लममध्ये अक्षरशः बुडाले.

न्हाणीघरात बादल्या भरून, पलंगाखाली टोपल्या, सगळ्या चादरींवर फोडी वाळत घातलेल्या, मी उघड्या गादीवर झोपते. जॅमच्या बाटल्या संपल्या तेव्हा ह्यांच्या औषधाच्या बाटल्या उकळून घेतल्या. साखर संपली, मग नुसतंच शिजवलं. शेजारीण मला बादली घेऊन येताना बघते आणि दार लावून घेते. पोस्टमन आता घंटा वाजवत नाही, पत्र फाटकात खुपसतो आणि चोरासारखा पळतो. आधी मलाही हसू यायचं.

फळं बोराएवढी राहिली गं. नुसती साल आणि बी, चावलं की दात आंबतात. व्यापारी आला, एक चावलं आणि थुंकलं. म्हणाला, "बाई, ही फळं की गोट्या?" रिकामा ट्रक घेऊन गेला. मी फाटकात उभी होते, मला वाटलं वळून येईल.

आणि फांद्या. दिवसभर बागेत कडाकड चाललेलं असतं. माझ्यासारख्या बहिरीलाही ऐकू येतं, म्हणजे बघ. शेडमधले होते नव्हते ते वासे टेकू म्हणून लावले, बाज मोडून तिचे पाय लावले. विहिरीजवळचं मोठं झाड परवा मधोमध उभं फाटलं, टेकूंसकट. फाटताना मी खाली जाऊन खांदा लावला. आता तू म्हणशील वेडी आहेस का. त्या वेळी मला एवढंच कळलं की ह्यांनी लावलेलं झाड माझ्या डोळ्यांदेखत जातंय. उजवा खांदा निखळला. नर्सबाईंनी बसवून पट्टा बांधून दिला, हे पत्र डाव्या हाताने धरून उजव्याने कसंबसं लिहितेय.

खाली पडून सगळं आंबलंय. गांधीलमाश्या घोंगावतात. घराला, कपड्यांना, माझ्या केसांनाही तोच वास येतो. एवढं देऊन हे असं का झालं, मला कळत नाही. माझं काय चुकलं ते तरी कुणी सांगा.

ताई

२७ जुलै

ताई,

तुझं काहीही चुकलेलं नाही. मनाला लावून घेऊ नकोस. खांद्याला गरम शेक घे आणि आता पुरे कर हे सगळं. हंगाम झाला, तू जिवाचं रान केलंस, कुणी नावं ठेवणार नाही. दिरांना किल्ली दे आणि ये. खोली तयार आहे, रंगाचा वासही गेला. सुताराला उद्याच बोलावते कठड्यासाठी. कधी येतेस तेवढं कळव, मी न्यायला येते.

चिमी

९ ऑगस्ट

चिमे,

सुताराला बोलावू नकोस.

काल दीर ट्रॅक्टर आणि दोन माणसं घेऊन आले. मोडलेलं सगळं ओढून नेलं. चहा देताना मी म्हटलं, "यंदा वाऱ्याने दगा दिला हो, नाहीतर दरवर्षी निम्मी फळं पाडतो." त्यांनी कप खाली ठेवला. मग मोठ्याने, म्हणजे मला ऐकू जाईल असं म्हणाले, "कसला वारा, वहिनी?"

मग सगळं सांगितलं. दरवर्षी हे मला तुझ्याकडे पोहोचवून यायचे आणि दुसऱ्या दिवसापासून दोघे भाऊ विरळणीला लागायचे. चार बोटांवर एक फळ ठेवायचं, मधली सगळी तोडायची. नाही तोडली तर झाडाला पेलत नाहीत आणि फळ पोसत नाही. तोडलेली शेडमागे खड्ड्यात पुरायची, मी यायच्या आत वर माती ओढायची. इतकी वर्षं. मी त्या खड्ड्यावर भोपळ्याचा वेल लावलाय गं! तिथे वेल कसा छान येतो म्हणून ह्यांना कौतुकाने दाखवायचे मी.

मी दिरांना विचारलं, मग मे महिन्यात फांदी उचलून बघितलीत तेव्हा का नाही बोललात? ते म्हणाले, "तुम्ही एकटीने करणार म्हणालात ना." लाज नाही वाटली त्यांना. पण त्यांना बाग हवी होती, ते मला आधीपासून माहीत होतं. मग जाता जाता म्हणाले, "चिमीताईंना विचारा की. दादा त्यांनाच सांगून यायचा, लवकर परत पाठवू नका म्हणून."

मी तर विचारलं होतं तुला. मे महिन्यात, सरळ शब्दांत. तू मला बीपीच्या गोळ्या लिहून पाठवल्यास.

तुला माहीत होतं की नव्हतं, तेवढंच लिही.

ताई

१७ ऑगस्ट

ताई,

माहीत होतं.

दाजींनी मला शपथ घातली होती. तिला कळता कामा नये, ती पुन्हा तशी होईल, म्हणाले होते. ती शपथ मी पाळली, असं लिहून हे पत्र बंद करणार होते. तसं लिहून पाकीटही चिकटवलं होतं. मग फाडलं.

शपथ मी एरवीही मोडली असती. तुझं मेमधलं पत्र आलं तेव्हा अजून वेळ होता. दोन दिवस ते पत्र यंत्रावर ठेवून मी शिवत बसले. एका ओळीचं काम होतं, निम्मी फळं तोड, एवढंच. लिहिलं नाही, कारण हंगाम बुडाला तर तू इथे येणार होतीस. मला तू हवी होतीस. झाडं अशी मोडतील, तुला लागेल, असं खरंच वाटलं नव्हतं. थोडं नुकसान होईल, दीर बाग घेतील, तू चार दिवस रडशील आणि मग आपण दोघी खिडकीत बसू. असं चित्र मी रंगवलं होतं.

मला वाट्टेल ते बोल. पण बोल.

चिमी

२१ डिसेंबर

ताई,

हे तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना उत्तर नाही, ती वाचलीस की चुलीत घातलीस तेही ठाऊक नाही. पोस्टमन पत्र परत आणत नाही, तेव्हा तू आहेस एवढं समजते.

मी जिन्यावरून पडले. वरून तिसऱ्या पायरीवर पाय घसरला तो थेट खाली. धरायला काही नव्हतं. दुकान बंद होतं त्या दिवशी, म्हणून कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी एक बाई ब्लाउज न्यायला आली, तिने शटरखालून माझा आवाज ऐकला. कंबरेचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात जुळेल, पण पूर्वीसारखं नाही. यंत्राचं पायडल आता होणार नाही माझ्याच्याने. थंड फरशीवर पडले होते तेव्हा तुझाच विचार करत होते. तू खांदा लावलास ना त्या झाडाला, ते कसं असेल त्याचा.

तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. म्हणजे, येत असेल तर येऊ दे.

निळी खोली तशीच आहे.

चिमी

२८ एप्रिल

चिमे,

तुझी तिन्ही पत्रं वाचली आहेत. चुलीत घातली नाहीत.

तू पडलीस ते वाचलं त्या दिवशी मी पिशवी काढली होती. दोन साड्या टाकल्या आणि तशीच बसले. मग परत काढून ठेवल्या.

बाग दिरांकडे गेली, ठरल्याप्रमाणे. हंगाम बुडाला तर चिमीकडे जाईन असा शब्द दिला होता, तो मात्र मी मोडला. त्यांना म्हटलं, या घरातून मला काढायचं तर उचलून काढावं लागेल. काढलं नाही त्यांनी. घर आणि मागल्या दाराचं झाड मला ठेवलंय. विहिरीजवळचं कापून टाकलं. बाकी झाडं गेल्या वर्षीच्या ओझ्याने इतकी दमलीत की यंदा धड फुललीच नाहीत. दिरांनाही काही मिळायचं नाही. त्याचा मला आनंद झाला, हे खोटं कशाला सांगू.

मागल्या दाराचं झाड गेल्या वर्षी मोकळं होतं, म्हणून ते दमलं नव्हतं. यंदा त्याला लागलीत, खच्चून. चार दिवस मी त्याच्याकडे स्वयंपाकघरातून बघत होते. काल बाहेर गेले आणि पहिलं फळ तोडलं.

अंगठ्याने देठाशी जरा दाबलं की सुटतं. काही म्हणजे काही जोर लागत नाही. मला वाटलं होतं रडू कोसळेल, म्हणून शेजारीण बाहेर गेलेली बघून सुरुवात केली होती. रडू आलं नाही. चार बोटं मोजायची, ठेवायचं, तोडायचं. हळूहळू हाताला कळतं. एवढंसं होतं हे, चिमे. एवढंसं काम माझ्यापासून आयुष्यभर लपवून ठेवलं. एका वर्षी आरडाओरडा केला म्हणून मला जन्मभर काचेची समजलात तुम्ही सगळे. ह्यांनी एकदा जरी हाताला धरून बागेत नेलं असतं, म्हटलं असतं, रड आणि तोड, तर मी रडत रडत तोडली असती. ह्यांच्या मायेचा मला जितका राग येतो तितका दिरांच्या लोभाचाही येत नाही. तुझा किती येतो ते मला अजून मोजता आलेलं नाही.

टोपली भरली तशी ती रिकामी करायला शेडमागे गेले. खड्डा खणायला घेतला. तिथली माती अजून भुसभुशीत आहे, ह्यांच्याच हाताने झालेली. तिथे मात्र बसले मी. बराच वेळ बसले.

अजून निम्मं झाड व्हायचंय. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, वरच्या फांद्यांना स्टूल लावावं लागतं, म्हणून वेळ लागतोय. हेच ते आठ-दहा दिवस, दरवर्षी तुझ्याकडे असायचे ते. यंदा मला इथून हलता येणार नाही. नंतरही मी यायची नाही, तेव्हा खोली अडवून ठेवू नकोस, शिवायला येणाऱ्या एखाद्या मुलीला राहायला दे. सोबत होईल तुला.

आणि जिन्याला कठडा लावून घे. माझी वाट बघत तो राहिला, हे मला कळतं. सुताराला आजच निरोप धाड आणि तो येईपर्यंत खाली दुकानातच झोप.

ताई